गारवा कुणाच्या वाट्याला?

मार्च संपत आला की आमच्या शिवथरच्या खोऱ्यात काहिली सुरू होते. चहूबाजूंनी सह्याद्रीच्या भिंती, वर वरंधा घाट, खाली आटत चाललेली नदी. किनाऱ्यावरच्या गावांना संध्याकाळी खारा वारा तरी मिळतो. आपण महाड-पोलादपूरची मंडळी मात्र डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या खळग्यात अडकलेली. याच रायगड जिल्ह्यात भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं. विदर्भानेही तोंडात बोट घालावं असा आकडा, आणि तोही मार्चमध्ये! पुढे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी पारा काही पंचेचाळिशीला टेकला नव्हता, अडतिसाच्या आसपासच होता. पण आपल्याकडच्या दमट हवेत तेवढंही पुरतं, हे त्या दिवशी साऱ्यांना कळलं.

म्हणूनच गेल्या काही उन्हाळ्यांत बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक प्रश्न हमखास निघतो. ‘‘ताई, एसी घ्यावा का हो?’’ मुंबईला असलेला मुलगा म्हणतो घेऊ या. सूनबाई गावी आली की बाळाला घामोळं येतं. महाडच्या बाजारात दुकानांपुढे एसीचे खोके रचलेले दिसतात आणि हप्त्याची सोयही असते. मग बाईने विचारलं तर तिचं काय चुकलं?

मैत्रिणींनो, मी काही इंजिनिअर नाही. कला शाखेची पदवी घेतलेली गृहिणी आहे. पण घरात येणारी प्रत्येक वस्तू शेवटी आपल्याच गळ्यात पडते. ती पुसायची आपण, तिचं बिल भरताना काटकसर करायची आपण. तेव्हा ती चालते कशी, हे आपल्याला ठाऊक हवंच. दुकानातला माणूस किंमत सांगतो, तारे मोजून दाखवतो. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही. हे यंत्र गारवा ‘तयार’ करतच नाही. ते घरातली उष्णता उचलतं आणि दुसरीकडे नेऊन टाकतं. विहिरीवरचा पंप पाणी तयार करतो का? नाही, खालचं पाणी वर आणतो. तसाच हा उष्णतेचा पंप. इंग्रजीतही त्याला ‘हीट पंप’च म्हणतात.

फ्रीजच्या पाठीला हात लावून बघा

खरं वाटत नसेल तर आपल्या फ्रीजच्या पाठीला किंवा बाजूला हात लावून बघा. गरम लागतो ना? आतल्या दुधाची, भाजीची, पाण्याच्या बाटल्यांची उष्णताच तिथून बाहेर पडत असते. गोदरेजने १९५८ साली पहिला भारतीय बनावटीचा फ्रीज बाजारात आणला, म्हणजे हा पंप आपल्या देशात साठ वर्षांहून अधिक काळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घुमतो आहे. फक्त त्याला पंप म्हणून आपण ओळखलं नाही. आणि म्हणूनच फ्रीजचं दार उघडं टाकून खोली गार होत नाही, उलट गरम होते. पुढून काढलेली उष्णता मागून त्याच खोलीत पडते, वर मोटरची भर पडते ती वेगळीच.

आता हे जमतं कसं? त्याची किल्ली आपल्या स्वयंपाकघरातच आहे. लग्नाच्या घरी मोठ्या शेगडीवर तासन् तास रटरट चाललेली असते, तेव्हा गॅसचं सिलिंडर बघितलंय? त्याच्या अंगाला घाम सुटतो, कधी कधी तर खालच्या भागावर बर्फासारखा पांढरा थर धरतो. आतला पातळ गॅस उकळून वायू होत असतो आणि उकळायला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या लोखंडाकडून आणि भोवतालच्या हवेकडून ओढून घेतो. उकळणं म्हणजे नेहमी चटका बसणंच असं नाही, हे इथे लक्षात येतं. काही पदार्थ थंडीतच उकळतात.

दुसरी गोष्ट कुकरची. झाकण लावून दाब वाढवला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, एकशे वीसच्या आसपास जातं आणि डाळ झटकन शिजते. उलट उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी लवकर उकळतं आणि डाळ मात्र शिजता शिजत नाही. म्हणजे एखादी गोष्ट किती अंशांना उकळणार, हे दाबावर ठरतं.

एसीत या दोन्ही गोष्टींची सांगड घातलेली आहे. त्याच्या बंद नळ्यांत एक खास वायू फिरत असतो. खोलीतल्या नळीत त्याच्यावरचा दाब कमी ठेवतात, त्यामुळे तो अगदी थंड असतानाच उकळतो आणि खोलीतली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा गरम होतो, तसा हा वायूही तापतो, बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो. तो तसा तापलेला असतो म्हणूनच बाहेरच्या नळीत आपली उष्णता हवेला देऊन पुन्हा पातळ होतो. नंतर एका बारीक नळीतून जाताना त्याच्यावरचा दाब उतरतो, तो गार पडतो आणि पुन्हा खोलीत येतो. ही फेरी दिवसभर चालू. भिंतीबाहेर टांगलेला, पंखा लावलेला मोठा डबा असतो ना, तिथे आपल्या खोलीतली उष्णता ओतली जाते.

‘एक टनाचा एसी’ म्हणतात, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे बरं का. पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी खोल्या थंड करत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढी उष्णता हे यंत्र चोवीस तासांत काढू शकतं, असा त्याचा अर्थ. विजेच्या भाषेत ती होते सुमारे साडेतीन किलोवॅट. आणि ती उचलायला यंत्र वीज खातं साधारण एक किलोवॅट. एक भाग वीज, साडेतीन भाग काम. हे ऐकून आमच्या गटातल्या एका मावशी म्हणाल्या, ‘‘मग हा स्वस्तच पडला की!’’

स्वस्त आहेच, पण हिशेबाची दुसरी बाजूही बघू या. खोलीतून काढलेले साडेतीन आणि विजेचा एक, मिळून साडेचार किलोवॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे विजेच्या चार-पाच शेगड्या एकदम पेटवून बाहेर ठेवल्यासारखं झालं. बाहेर म्हणजे कुठे? मोकळ्या शेतात घर असेल तर वाऱ्यावर. पण महाडच्या जुन्या बाजारपेठेतल्या बोळात असेल तर? तर शेजारच्या वहिनींच्या खिडकीत. तिथे त्यांची मुलगी दहावीचा अभ्यास करत बसलेली असते. उष्णता संपत नाही, ती जागा बदलते. म्हणून एसी लावताना तो डबा कुणाच्या दारावर, कुणाच्या ओटीवर, कुणाच्या चुलीपाशी तोंड करून आहे, हे घरातल्या बाईने उभं राहून बघावं. भांडणं पाण्यावरून होतात तशी पुढे यावरूनही होणार आहेत.

हाच पंप उलटा फिरला तर

आता या यंत्राची दुसरी गंमत. वायूची फेरी उलटी केली की हेच यंत्र बाहेरची उष्णता आत आणतं आणि घर ऊबदार करतं. बाहेर बर्फ पडत असतानासुद्धा! कारण आपल्याला गोठवणाऱ्या हवेतही थोडी उष्णता असते आणि त्या हवेहून थंड वायू ती ओढून घेऊ शकतो. झुरिक शहराची टाउन हॉलची इमारत १९३८ साली अशाच पंपाने तापवायला सुरुवात झाली, तीही शेजारच्या नदीच्या पाण्यातली उष्णता काढून. नॉर्वेसारख्या कडाक्याच्या थंडीच्या देशात आज निम्म्याहून अधिक घरांत हा पंप आहे. ज्यांच्या लेकी-सुना जर्मनी-स्वीडनकडे नांदताहेत त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारून बघावं. ‘‘अगं, तुमच्या घराबाहेर तो पंख्याचा डबा कसला?’’ तो एसी नसून घर तापवण्याचं यंत्र असण्याची शक्यता पुष्कळ.

आपल्याला घर तापवायची गरज नाही. पौषातली थंडी गोधडीत भागते. पण आंघोळीचं पाणी? ते तर बारा महिने तापवावं लागतं, आणि शिवथरच्या खोऱ्यात ते कोण तापवतं हे सांगायला हवं का? डोंगरातून मोळी आणायची बाईने, पावसाळ्याआधी सरपण माळ्यावर रचायचं बाईने, पहाटे उठून ओल्या फाट्यांना फुंकर घालत धुरात डोळे चोळायचे तेही बाईनेच. काही घरांत बंब, काही घरांत चुलीवरचा हंडा, जरा बरी परिस्थिती असेल तिथे बादलीत सोडायचा विजेचा रॉड.

रॉड किंवा गिझर विजेची सरळ उष्णता करतात. एक भाग वीज, एक भाग उष्णता. पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका भागात साधारण तीन भागांचं काम होतं. साधा हिशेब मांडते. चार बादल्या म्हणजे साठ लिटर पाणी बावीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायला रॉडला सुमारे १.४ युनिट वीज लागते. तेवढंच काम पंप अर्ध्या युनिटच्या आसपास करतो.

आता कुणी म्हणेल, सौर बंब आहे की! आहे, आणि आठ महिने तो फुकट चालतो, त्याला तोड नाही. पण आपल्याकडचे उरलेले चार महिने? आषाढात सूर्य दिसतो कुठे? शिवथर घळीचा धबधबा पाहायला दुरून लोक येतात तेव्हा आपण ओल्या सरपणाशी झगडत असतो. त्या दिवसांत ऊन नसलं तरी हवा चोवीस-पंचवीस अंशांची असतेच, आणि पंपाला तेवढी पुष्कळ झाली. म्हणजे युरोपातल्या बर्फात राबणाऱ्या या यंत्राला आपला कोकणचा पावसाळा म्हणजे माहेरपण! हे मात्र आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही.

मग घरोघरी हा पंप घ्यायचा का? मी लगेच हो म्हणणार नाही. पाणी तापवणारा पंप साध्या गिझरच्या कितीतरी पट महाग पडतो आणि चार माणसांच्या घरात तो खर्च वसूल व्हायला वर्षं जातात. जिथे रोज शंभर जणांच्या आंघोळीचं पाणी लागतं, तिथे गणित बदलतं. मुलींचं वसतिगृह, आश्रमशाळा, रुग्णालय, भक्तनिवास. शंभर मुलींना पंधरा-पंधरा लिटर गरम पाणी द्यायचं तर गिझरला रोज सुमारे ३५ युनिट लागतील आणि पंपाला बारा-तेरा. वर्षभराचा फरक काढून बघा. ज्या वसतिगृहात ‘परवडत नाही’ म्हणून मुलींना पावसाळ्यात थंडगार पाण्याने आंघोळ करावी लागते, तिथल्या व्यवस्थापनापुढे हा कागद ठेवण्यासारखा आहे. पाळीच्या दिवसांत गरम पाण्याची किंमत काय असते, ते बैठकीतल्या पुरुषांना आपणच सांगायला हवं.

आणि रॉड वापरणाऱ्यांना एक विनवणी. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, आणि पोरांना त्या बादलीजवळ फिरकू देऊ नका.

दमट हवेचं दुखणं

आपला उन्हाळा जळगाव-नागपूरच्या उन्हाळ्यासारखा नाही. तिथे हवा कोरडी, म्हणून वाळ्याचा किंवा गवताचा कूलर झक्क चालतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की आणखी पाणी उडायला जागाच नसते. म्हणून माठातलं पाणी मे महिन्यात म्हणावं तसं गार होत नाही, म्हणून अंगावरचा घाम वाळत नाही आणि म्हणूनच कूलर लावला की खोली नुसती ओलसर, चिकट होते. पावणेमंडळींचा बघून कूलर आणलेल्या घरांत तो दुसऱ्या वर्षी माळ्यावर जातो, तो याच कारणाने.

एसीचं खरं मोल आपल्यासाठी इथे आहे. त्याच्या थंड नळीवर हवेतली वाफ दवासारखी धरते आणि पाणी होऊन बाहेर पडते. त्या पाइपातून ठिबकणारं पाणी म्हणजे आपल्या खोलीतला दमटपणा. ते प्यायला वापरू नये, लादी पुसायला चालतं. बऱ्याच एसींना ‘ड्राय’ नावाचं बटण असतं. श्रावणात वलणीवर तिसऱ्या दिवशीही ओलीच असलेली लंगोटी, शाळेचा गणवेश आणि त्यांना येणारा तो कुबट वास कुणाला ठाऊक नाही? ज्यांच्या घरी एसी आधीच आहे त्यांनी पावसाळ्यात एका बंद खोलीत कपडे टांगून दोन तास हे बटण लावून बघावं. चुलीवर धुराळलेल्या कपड्यांपेक्षा बरं. पण केवळ त्यासाठी कर्ज काढून एसी घ्यावा, असं मी म्हणणार नाही.

यंत्राआधी छप्पर

समर्थांनी दासबोध सांगितला अशी श्रद्धा असलेल्या शिवथर घळीत भर मे महिन्यात पाऊल टाकलं की कसं वाटतं, ते इथे प्रत्येकीला माहीत आहे. बाहेर जीव कासावीस झालेला असतो आणि आत जाताच अंग निवतं. थंडीत पहाटे गेलं तर हीच घळ ऊबदार वाटते. दगड आणि माती फार हळू तापतात आणि फार हळू निवतात. त्यामुळे काही हात खोलवर तापमान वर्षभर जवळपास सारखंच राहतं. परदेशात तर जमिनीत नळ्या पुरून हा उष्णतेचा पंप त्या सारख्या तापमानाला जोडतात.

आपल्या वाडवडिलांनी हेच घरात आणलं होतं. जाड मातीच्या भिंती, पुढे पडवी म्हणजे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही, वर माळा, त्यावर नळ्यांची कौलं. कौलांच्या फटींतून तापलेली हवा आपोआप वर निघून जायची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची छपरं उडवली. कौलं मिळेनात, शाकारणारे मिळेनात, दारात पाऊस उभा. लोकांनी पत्रे टाकले. दुसरा इलाज नव्हता, दोष कुणाला देणार? पण आज दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली उभं राहून बघा. तव्याखाली उभं राहिल्यासारखं होतं. अशा घरात एसी लावणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. पंप जेवढी उष्णता बाहेर टाकील तेवढी पत्रा वरून आत ओतत राहील आणि मीटर गरगरत राहील.

म्हणून खर्चाचा पहिला रुपया छपरावर घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग, स्लॅब असेल तर पांढऱ्या चुन्याचे दोन हात. पावसाने चुना धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, हे खरं. पण एवढ्याने आतलं तापमान दोन ते पाच अंश उतरू शकतं. मे २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. तिथल्याच महिला हाउसिंग ट्रस्टने झोपडवस्त्यांतल्या बायांना बरोबर घेऊन घरांची छपरं पांढरी केली. ‘सेवा’ संघटनेतून उभी राहिलेली ही संस्था. शिवणकाम, पापड, विड्या घरात बसून करणाऱ्या त्या बाया. दुपारची उष्णता सगळ्यात जास्त त्यांच्याच अंगावर पडत होती, म्हणून त्यांनीच पुढाकार घेतला. पत्र्याखाली बांबूच्या चटया किंवा गवताचे पेंढे बांधणं, पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवणं, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं, ही आपली घरगुती कामं आहेत.

दुसरा रुपया पंख्यावर. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या धर्तीचा अठ्ठावीस ते पस्तीस. रात्री आठ तास धरले तर महिन्याला एक १८ युनिट, दुसरा सात-आठ.

आणि तरीही घ्यायचाच असेल तर

घरात दमेकरी आहे, तान्हं बाळ आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. अशा घरात रात्रीची झोप म्हणजे औषधच. तिथे एसी ही चैन नव्हे, आणि कुणी नावं ठेवू नयेत. फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

एक टनाचा एसी रात्रभर चालला की साधारण पाच युनिट जातात, म्हणजे महिन्याला दीडशे. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढचा दर एकदम चढतो, हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. तेव्हा वाढलेले दीडशे युनिट स्वस्तातले नसतात, महागातले असतात. बिल येऊन पडल्यावर किराणा कमी करायची पाळी आपल्यावर येते, म्हणून ही आकडेमोड हप्ता ठरवण्याआधी करा.

लेबलवरचे तारे बघा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर यावा, असा नियम झाला. तो उगाच नाही. एकेक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता विभाग सांगतो. १८ वर ठेवून गोधडी पांघरणं म्हणजे दोन्हीकडून पैसे जाळणं. २६ वर ठेवून वर हळू पंखा लावला तरी झोप लागते.

नळीतल्या वायूचीही चौकशी करा. जुन्या वायूंनी पृथ्वीवरचं ओझोनचं छत्र विरलं, म्हणून १९८७ साली माँट्रियलमध्ये जगाने करार केला. त्यांच्या जागी आलेल्या काही वायूंनी ओझोनला धक्का लागत नाही, पण हवेत सुटले तर कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, काही तर दोन हजार पटींनी पृथ्वी तापवतात. तेही कमी करायचं २०१६ साली किगालीत ठरलं. आपल्याकडे गोदरेजने २०१२ साली प्रोपेनवर चालणारे एसी आणले, तेही आपल्या वरंधा घाटापलीकडच्या, भोरच्या पुढे असलेल्या शिरवळच्या कारखान्यातून. प्रोपेन म्हणजे आपल्या सिलिंडरातल्या गॅसचाच एक घटक. पृथ्वीला फारसा त्रास नाही, पण पेट घेणारा. तेव्हा वायू कोणताही असो, दुरुस्तीला शिकलेलाच माणूस बोलवा, आणि ‘जुना गॅस सोडून नवा भरतो’ म्हणत तो हवेत सोडत असेल तर त्याला हटका. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून पैसे घेणारेही असतात. बंद नळ्यांतला वायू गळती असल्याशिवाय कमी होत नाही, एवढं वाक्य पाठ करून ठेवा.

महाडच्या बायांना आणखी एक. जुलै २०२१ च्या पुरात किती फ्रीज चिखलात लोळले ते आपण पाहिलंय. बाहेरचा डबा पुराच्या खुणेच्या वरच टांगा.

स्वयंपाकघराचं काय?

इतकं सगळं झाल्यावर मला जो प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो, तो शेवटी विचारते. एसी बसतो कुठे? झोपायच्या खोलीत, नाहीतर पुढच्या दिवाणखान्यात, जिथे पाहुणे बसतात, जिथे ‘हे’ टीव्ही बघतात. आणि घरातली सगळ्यात गरम जागा कोणती? स्वयंपाकघर! एप्रिलच्या दुपारी भाकऱ्या थापणारी बाई तव्याच्या आचेपुढे तासभर उभी असते. घाम पुसायला तिला पदराशिवाय काही नसतं. वर पुढच्या खोलीतून हाक येते, ‘‘दार लाव गं, गार हवा बाहेर जातेय!’’ म्हणजे तिने दाराच्या पलीकडेच राहायचं. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. विचारच केलेला नसतो.

स्वयंपाकघरात एसी लावा, असा माझा हट्ट नाही. विस्तवाशी त्याचं जमतही नाही. पण ज्या घरात गारव्यासाठी तीस-पस्तीस हजार निघतात, त्या घरात चुलीच्या वरच्या भिंतीत झरोका किंवा हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा, वर पांढरा पत्रा आणि समोर येणाऱ्या वाऱ्याला खिडकी, एवढं का निघू नये? जड स्वयंपाक सकाळीच उरकायचा आणि दुपारी बाराच्या पुढे चूल पेटवायची नाही, हे घराने का मान्य करू नये? दुपारी गरम पोळीच हवी हा हट्ट उन्हाळ्यापुरता सोडला तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि गार खोली असेलच, तर दुपारी तिथे आडवं व्हायचा पहिला मान स्वयंपाक करून आलेल्या बाईचा.

हे घरातलं झालं. गावातलंही आहे. १ मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, आणि अनेक गावांत ती सह्यांपुरतीच उरकली जाते. या वर्षी तिथे तीन विषय लेखी द्या. शाळेचं आणि अंगणवाडीचं छप्पर पांढरं करणं. बाळंतपणं होतात त्या आरोग्य केंद्राच्या खोलीत पंखे आणि गारव्याची सोय. आणि तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात पावसाळ्यासाठी पाणी तापवणाऱ्या पंपाची मागणी, सोबत ३५ आणि १२ युनिटांचा हिशेब जोडून. ‘‘बायकांना यंत्रातलं काय कळतं?’’ असं कुणी म्हणालंच, तर त्याला फ्रीजच्या पाठीला हात लावायला सांगा, आणि तिथली उष्णता कुठून आली ते विचारा.